मेनफ्रेमच्या मॉडेलचं नाव कसं वाचायचं?

‘झेड१३, २९६४-एनई१, ७१२’. आयबीएमच्या मेनफ्रेमचं, म्हणजे मोठ्या संस्थांची कामं सांभाळणाऱ्या महासंगणकी यंत्राचं, हे नाव एका दमात वाचू नका. त्यात पाच गोष्टी दडलेल्या आहेत, त्या एकेक करून सोडवा.

आधी घराणं ओळखा. १९६४ साली आलेल्या सिस्टिम/३६०चं नाव वर्तुळाच्या ३६० अंशांवरून पडलं. हिशेब असो वा विज्ञान, सगळ्या दिशांची कामं एकाच घराण्यातली यंत्रं करतील, असा तो दावा होता. ३७० आणि ३९० या नावांत मात्र दशक आहे, १९७० आणि १९९०चं. २००० पासून ‘झेड’ आलं: झीरो डाउनटाइम, यंत्र बंद राहण्याचा वेळ शून्य.

झेडपुढचा आकडा बहुतेक वेळा पिढीचा. सीमॉस या तंत्राने बनवलेल्या चिपवर चालणाऱ्या जी१ ते जी६ या सहा पिढ्या. मग झेड९०० सातवी, झेड९९० आठवी, आणि झेड९ खरोखरच नववी. पण अकरावीचं नाव झेड१९६, कारण त्यात ९६ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे प्रोसेसर, बसतात. म्हणून मोठा आकडा म्हणजे नवं यंत्र असं धरू नका. १९६ हे १३पेक्षा जुनं आहे.

२९६४ हा मशीन टाइप, म्हणजे यंत्राच्या प्रकाराचा क्रमांक. झेड१४चा ३९०६, झेड१५चा ८५६१. यात अर्थ शोधत बसू नका, फक्त अचूक लिहून ठेवा. बाजारातलं नाव वेगळं, टाइप वेगळा.

आता एनई१. मला हा भाग फार आवडतो. यंत्रात ग्राहकाला जास्तीत जास्त किती कोअर वापरता येतील, ते शेवटच्या दोन जागांत लिहायचं असतं. एन६३ म्हणजे ६३. पण ९९ नंतर जागा संपते, म्हणून दशकाच्या जागी अक्षर येतं: ए म्हणजे १०, ई म्हणजे १४. तेव्हा ई१ झाले १४१.

शेवटचे तीन अंक सर्वात जपून वाचा, कारण सॉफ्टवेअरचं बिल अनेकदा यंत्राच्या क्षमतेवर ठरतं आणि ती इथे लिहिलेली असते. पहिला अंक वेगाचा: ७ म्हणजे पूर्ण वेग, ६, ५, ४ क्रमाने कमी. पुढचे दोन अंक चालू असलेल्या सर्वसाधारण प्रोसेसरांची संख्या. ७१२ आणि ६१२ दोन्हींत बारा प्रोसेसर, पण वेग वेगळा. शेवटी ०० दिसलं तर चूक समजू नका. त्यात सर्वसाधारण प्रोसेसर एकही नाही, फक्त लिनक्ससारख्या खास कामांचे आहेत. झेड१३एससारख्या लहान यंत्रांत वेगासाठी अंकाऐवजी ए ते झेड अक्षरं येतात.

जुन्या यंत्रांना हे नियम लावू नका. आयबीएमचं ७०९ हे यंत्र व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचं. ट्रान्झिस्टरवाल्या आवृत्तीला ‘७०९-टी’ म्हणत. ते इंग्रजीत मोठ्याने म्हणून पाहा, ‘सेव्हन-ओ-नाइन-टी’, म्हणजे ७०९०!

सरावाला हे घ्या: झेडईसी१२, २८२७-एचए१, ६०५. बारावी पिढी, जास्तीत जास्त १०१ कोअर, सध्या चालू पाच, आणि वेग पूर्णपेक्षा एक पायरी खाली.