फास्ट फूड विकत घेताना काय पाहावे?

फास्ट फूड वाईट असते एवढेच सांगून मुलांना त्यापासून दूर ठेवण्याचा प्रयत्न बहुतेक घरांत होतो आणि तो फारसा टिकत नाही, कारण या उद्योगाने लावलेली सोय खरी आहे. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला किंवा वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला थोड्या पैशांत गरम खाणे मिळते. १९६०च्या दशकात दादर स्थानकाबाहेर वडापाव रुजला तो याच गरजेतून. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आल्यानंतर बटाटा व लेट्यूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले, शीतगृहे आणि शीतवाहतूक वाढली, अनेक तरुणांना पहिली नोकरी मिळाली. हे सारे मान्य करूनही शरीराला होणारा अपाय कमी ठरत नाही, आणि म्हणूनच ग्राहकाला पारख यायला हवी.

सर्वांत आधी कढईकडे पाहावे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारी द्रव्ये, साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास भारतात मनाई आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवणेही अपेक्षित आहे. आपल्याजवळ मोजण्याचे यंत्र नसते, तरी काळपट रंग, तळण काढल्यावरही न बसणारा फेस, चिकट दाटपणा, चटकन उठणारा धूर आणि नाकाला झोंबणारा वास ही लक्षणे पुरेशी बोलकी आहेत. अशा ठिकाणाहून बाकी सारे स्वच्छ दिसले तरी परत फिरावे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला वडा किंवा भजी घेऊ नये. छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते आणि अशा गुंडाळणीवर बंदीही आहे. घरून डबा नेल्यास हा प्रश्नच उरत नाही.

मोठ्या साखळी दुकानांत तपासणीची रीत वेगळी आहे. दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी प्रत्येक पदार्थाच्या किलोकॅलरी मेनूवर दाखवाव्यात, असे २०२०च्या नियमांत सांगितले आहे. तो आकडा वाचावा, पण तेवढ्यावर थांबू नये, कारण मीठ त्यात दिसत नाही. पोषणमाहिती मागून घ्यावी आणि सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणावे. एका पदार्थात ९०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. बन, चीज, सॉस आणि मसाला या प्रत्येकात थोडे थोडे मीठ असल्यामुळे जिभेला त्याचा अंदाज येत नाही. ज्या दिवशी असे जेवण होईल त्या दिवशी घरी लोणचे आणि पापड टाळावेत. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

कॉम्बो घेण्यापूर्वी त्यातले पेय वगळता येते का, हे विचारावे. माझ्या मते एकच गोष्ट सोडायची असेल तर ती हीच, कारण ३०० मिलिलिटर कोलात साधारण ३० ग्रॅमहून अधिक साखर असते आणि तिने भूकही नीट भागत नाही. पेयाशिवाय किंमत जेमतेम कमी होते म्हणून लोक ते घेतात. तो मोह ओळखून पाणी प्यावे.

मुलांच्या बाबतीत घराबाहेरही लक्ष घालावे लागते. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. तसे विकले जात असल्यास पालक सभेत लेखी विषय मांडावा.

दुकानात लावलेला अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावरही छापलेला असावा लागतो, म्हणून बिल मागून घेण्याची सवय ठेवावी. खाल्ल्यानंतर त्रास झाला किंवा पदार्थ शिळा निघाला तर ते बिल, तारीख, वेळ आणि पदार्थाचे छायाचित्र यांसह महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करावी. उरलेला पदार्थ फेकून न देता स्वच्छ डब्यात झाकून थंड ठेवावा, कारण पुढे चौकशी झालीच तर तो दाखवता येतो.