रिलेचा एलईडी लागतो, पण रिले ओढत नाही: माझा अनुभव

मॅक३ (सीएनसी मशीन चालवणारं संगणकावरचं सॉफ्टवेअर) मध्ये एम३ (स्पिंडल सुरू करण्याची आज्ञा) दिला की रिले मॉड्यूलचा एलईडी लागायचा, पण रिले (विजेवर चालणारा स्विच) गप्प, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) बंद. वायर, पिन, केबल बदलून झाली. अगदी वैताग आला.

कारण शेवटी सापडलं: रिलेच्या ५ व्होल्टच्या कॉइलला सुमारे ७० मिलिअँपिअर लागतात. यूएसबीवर चालणाऱ्या ब्रेकआउट बोर्डाचं (संगणकाचे सिग्नल मशीनच्या वायरींना जोडणारा बोर्ड) व्होल्टेज तेवढ्या भाराने खाली बसत होतं.

आधी सगळी पॉवर बंद करा. मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसी (कॉइलचा पुरवठा) आणि व्हीसीसी (सिग्नलच्या बाजूचा पुरवठा) जोडणारा जंपर काढा. वेगळ्या ५ व्होल्ट अडॅप्टरचा प्लस जेडी-व्हीसीसीला, मायनस मॉड्यूलच्या ग्राउंडला. बोर्डाचे ५ व्होल्ट व्हीसीसीला, मोकळी आउटपुट पिन (माझ्याकडे १४) मॉड्यूलच्या ‘इन’ला. बोर्डाचं ग्राउंड मॉड्यूलला अजिबात जोडू नका, नाहीतर ऑप्टोकपलर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) असून नसल्यासारखा. शेवटी मॅक३ मध्ये आउटपुट १ ला पिन १४ द्या, ‘अ‍ॅक्टिव्ह लो’ (पिन लो झाली की रिले चालू) सुरू करा.