कोल्हापुरात नवीन आलात? आमदारांच्या पोस्टमधला ‘मंजूर’ आधी समजून घ्या

शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागते, खोली मिळते आणि आठवड्याभरात घरमालकाचा पोरगा तुम्हाला दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपांत घालतो. मग रोज सकाळी कुणा ना कुणा आमदाराची पोस्ट येते. अमुक रस्त्याला इतके कोटी मंजूर, तमुक योजनेची मुदत वाढली, सभागृहात आवाज उठवला. नांदेड, लातूर, सोलापूर, यवतमाळकडून आलेली आपली मंडळी या पोस्टी एक तर वाचतच नाहीत, नाहीतर सरकारी आदेश समजून वाचतात. दुसरी सवय जास्त महागात पडते.

पहिल्यांदा आपला आमदार कोण ते नक्की करा. जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत. शहर उत्तर आणि दक्षिण अशा दोन मतदारसंघांत वाटलेलं आहे. दक्षिणेत पाचगाव, उचगावसारखी शहराला चिकटलेली गावंही येतात. पत्त्यात ‘तालुका करवीर’ असलं म्हणजे मतदारसंघ करवीरच, असं नाही. नाव गावाकडच्या यादीत असेल तर इथं नमुना ८ भरून स्थलांतर करून घ्या. नमुना ६ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. तो भरला की नाव दोन ठिकाणी राहतं आणि पुढे नोटीस येते. संपर्क कार्यालयात गेलात की पहिला प्रश्न ‘यादीत नाव कुठं हाय?’ हाच असतो. नाव नाही म्हणून काम अडवायचा अधिकार कुणाला नाही, पण माणसं विचारतात.

आता ‘मंजूर’. हा एकच शब्द पाच-सहा वेगवेगळ्या टप्प्यांना वापरला जातो.

सगळ्यात खालची पायरी निवेदनाची. आमदार मंत्र्यांना पत्र देतात, मंत्री कोपऱ्यात पेनानं ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारतात आणि फोटो ग्रुपवर येतो. याचा अर्थ फाईल तयार करा एवढाच. पैसा यात कुठेच नाही. त्यानंतर अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत कामाचं नाव येतं. ही तरतूद झाली. बहुतेकदा ती पूर्ण रकमेची नसते, सुरुवातीपुरती असते. मग संबंधित विभागाची प्रशासकीय मान्यता येते. इथं पहिल्यांदा खरा कागद हातात येतो. त्यात कामाचं नाव, रक्कम आणि लेखाशीर्ष असतं, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून येणार ते कळतं. पुढे अभियंते अंदाजपत्रक तपासून तांत्रिक मान्यता देतात, निविदा निघते आणि शेवटी ठेकेदाराला कार्यारंभ आदेश मिळतो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर नारळ फुटू शकतो. भूमिपूजनाचा कार्यारंभ आदेशाशी संबंध असेलच असं नाही. निवडणूक तोंडावर आली की बऱ्याचदा नसतोच, कारण आचारसंहिता लागली की जे काम प्रत्यक्षात सुरू झालेलं नाही ते सुरू करता येत नाही, म्हणून त्याआधी नारळ फोडायची घाई असते.

म्हणून पोस्ट वाचली की एकच विचारा: कुठला कागद निघाला? शासन निर्णय असेल तर तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर असतो आणि शेवटी त्याचा संकेतांक छापलेला असतो. पोस्टबरोबर संकेतांक नसेल तर विभागाचं नाव आणि तारीख घालून शोधा. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफचं फक्त पहिलं पान असेल तर विश्वास ठेवू नका, अटी पुढच्या पानांवर असतात. जुना निर्णय फिरतो तो वेगळाच. लाडकी बहीण योजनेचा पहिला शासन निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात वयाची वरची मर्यादा ६० होती. आठवड्याच्या आत ती ६५ झाली आणि अधिवास दाखला नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्डही चालेल असं ठरलं. तरी पहिलंच पान पुढं पाठवणारे पाठवतच होते.

किती वेळ लागतो, याला कोल्हापूरचंच माप आहे. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनचं काम २०१४ ला सुरू झालं आणि पाणी शहरात पोचलं २०२३ च्या नोव्हेंबरात. इथला माणूस यावर विनोद करतो, पण प्लॉट घेताना तोच ‘पाणी येतंय की’ म्हणतो.

प्लॉटचं प्रकरण नीट वाचा, कारण बाहेरून आलेल्यांची सगळ्यात मोठी रक्कम इथंच बुडते. एजंट फोनवर आमदारांची पोस्ट दाखवतो. ‘रस्ता मंजूर झालाय, हद्दवाढीत हे गाव येणार, आज घ्या.’ त्या पोस्टच्या जोरावर गुंठ्याला वरचे पैसे मोजले जातात. कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली, आणि पुढची पन्नास वर्षं हद्द जागची हलली नाही. हद्दवाढीची बातमी मात्र दर निवडणुकीला ताजी असते. शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. त्या गावांत ग्रामपंचायतीचा दाखला बांधकामाला पुरत नाही, परवानगी प्राधिकरणाची लागते. एजंट हे सांगत नाही.

गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीतून गुंठ्यानं पाडून विकलेला तुकडा तर आणखी धोक्याचा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे आहे. त्याहून लहान तुकड्याचा व्यवहार तुकडेबंदी कायद्यात अडकतो. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत सवलतीची घोषणा केली आणि त्याच संध्याकाळी ‘तुकडेबंदी रद्द’ असे फलक लागले. अध्यादेश निघाला नोव्हेंबरात, तोही ठराविक क्षेत्रातल्या आणि ठराविक तारखेपर्यंतच्या व्यवहारांसाठी. मधल्या चार महिन्यांत नोटरीवर विसार देणाऱ्यांनी नेमकं काय विकत घेतलं, ते त्यांनाच माहीत. सभागृहातली घोषणा कायदा नसते. विधेयक विधानसभा आणि विधान परिषद अशा दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावं लागतं, राज्यपालांची संमती लागते, राजपत्रात प्रसिद्धी लागते. अध्यादेश लगेच लागू होतो, पण अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो.

तेव्हा विसार देण्याआधी पाच कागद हातात घ्या: सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर रेखांकनाची शिक्क्याची प्रत, झोन दाखला (जमीन रहिवासी विभागात आहे की शेती, ते सांगणारा) आणि पूररेषेचा अभिप्राय. शेवटचा कोल्हापुरात विसरू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारच्या म्हातारीला विचारा. ती भिंतीवरची खूण दाखवेल. आमदारांची पोस्ट हा सहावा कागद नव्हे.

आमदार निधीबद्दल थोडक्यात. वर्षाला पाच कोटी रुपये असतात. आमदार काम सुचवतात, मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन शाखेतून येते आणि काम सार्वजनिकच असावं लागतं. तुमच्या खाजगी बोळातल्या गटारीसाठी ‘फाईल फिरवायला’ पैसे मागणारा माणूस आमदारांचा नव्हे, स्वतःचा आहे. रस्ता झाला असेल तर कामाच्या फलकावरचा दोषदायित्व कालावधी लिहून ठेवा. त्या मुदतीत पडलेला खड्डा ठेकेदारानं स्वखर्चानं बुजवायचा असतो.

योजनांसाठी दाखले लागतात, आणि आपली माणसं चुकतात ती इथं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो, पण रेशनकार्ड अजून गावाकडचं असेल तर इथला तलाठी हात वर करतो. आधी तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणा. जातीचा दाखला करवीरमध्ये मागू नका. मानीव दिनांकाला, म्हणजे सरकारनं त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेला तुमचे पूर्वज जिथं राहत होते, त्या तालुक्यातूनच तो निघतो. ही तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. शासकीय दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही, तरी बाहेर टेबल मांडून बसलेले तो गळ्यात मारतात. अर्ज दिला की पोच घ्या. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, पण पोच नसेल तर कशाच्या आधारावर करणार?

दवाखान्याचं काम घाईचं असतं, म्हणून क्रम पाठ करून ठेवा. आधी महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड, मग धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा, आणि यांत काहीच बसलं नाही तरच मुख्यमंत्री सहाय्यता निधी. त्याला उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार आहे, पैसे थेट रुग्णालयाला जातात, आणि डिस्चार्जनंतर भरलेलं बिल परत मिळत नाही. आमदारांच्या शिफारसपत्रासाठी दोन दिवस घालवून नंतर अर्ज भरणारे नातेवाईक सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात नेहमी दिसतात. अर्ज आधी.

इथल्या लोकांबद्दल एक सांगायला हवं. कोल्हापूरकर मदतीला धावणारा आहे. तालमीच्या पोरांना हाक मारली तर रात्री दोनला रक्त द्यायला येतील. पण इथलं राजकारण पक्षापेक्षा गटावर चालतं, आणि गट दूध संघापासून साखर कारखान्यापर्यंत पसरलेले आहेत. ग्रुपवर एका आमदाराच्या पोस्टला ‘नाद खुळा’ लिहिलंत की दुसऱ्या गटाच्या लेखी तुम्ही त्यांचे झालात. पहिलं वर्ष लाईकचा अंगठाही टाकू नका. उलट आपल्या गावाकडच्या मंडळींना कुणाच्या तरी पीएचा नंबर फोनमध्ये असला की सरकार खिशात आल्यासारखं वाटतं. पीए चांगला असेल तर कुठल्या टेबलावर जायचं ते सांगेल. टेबलावर तुम्हालाच जायचंय.

पदवीधर असाल तर विधान परिषदेच्या पुणे विभाग पदवीधर मतदारसंघात तुमचं मत आहे. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावीत, अर्ज नमुना १८ चा. ही यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, मागच्या वेळचं नाव आपोआप पुढं येत नाही.