टॉरेंट क्लायंटच्या अपलोडची तुलना: रेशो बाजूला ठेवा, बाइट मोजा

क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट क्लायंटमध्ये (टॉरेंटच्या फाइली उतरवणाऱ्या-चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रेशो 1.8 आणि ट्रान्समिशन या दुसऱ्या क्लायंटमध्ये 0.9 दिसला, की पहिला क्लायंट दुप्पट चांगला असं लोक बिनदिक्कत ठरवून टाकतात. रेशो म्हणजे चढवलेले बाइट भागिले उतरवलेले बाइट. स्वार्ममध्ये, म्हणजे एकच फाइल आपापसांत वाटणाऱ्या संगणकांच्या (पीअरच्या) गटात, सगळ्यांनी मिळून जेवढं उतरवलं, तेवढंच कुणीतरी चढवलेलं असतं. त्यामुळे एकाचा रेशो 3 झाला की दुसऱ्या कुणाचा तरी 1 च्या खाली राहणारच. तुम्ही स्वार्ममध्ये कधी आलात आणि तेव्हा लीचर (फाइल अजून उतरवत असलेले) किती होते, यावर हा आकडा मुख्यतः ठरतो. जुन्या डेबियन आयएसओवर (लिनक्सच्या इन्स्टॉलेशन फाइलवर) शेकडो सीडर (पूर्ण फाइल असलेले, नुसते चढवणारे) आणि मोजके लीचर असतील, तर कुठल्याच क्लायंटला तिथे चढवायला गिऱ्हाईक नाही.

म्हणून तुलना करायची ती ठरावीक वेळात चढवलेल्या बाइटची. त्यासाठी लिनक्स वितरणाचा ताजा आयएसओ घ्या. नवी आवृत्ती आल्यानंतरचे पहिले काही दिवस मागणी भरपूर असते. फाइल आधी पूर्ण उतरवा आणि दोन्ही क्लायंटमध्ये तीच फाइल जोडून हॅश तपासणी (फाइल शाबूत आहे ना याची पडताळणी) पूर्ण होऊ द्या. अशा वेळी ‘उतरवलेले’ शून्य असतं, आणि त्या शून्याने भागायची वेळ आल्यावर प्रत्येक क्लायंट आपापली पळवाट काढतो. रेशो हवाच असेल, तर चढवलेले बाइट आयएसओच्या आकाराने स्वतः भागा.

दोन्ही क्लायंट एकाच वेळी चालवू नका. एकाच आयपीवरून आलेलं दुसरं कनेक्शन अनेक पीअर नाकारतात, शिवाय दोघं एकाच लाइनसाठी भांडतात. क्रम अ, ब, ब, अ असा ठेवा. रोज एक फेरी, त्याच वेळी, किमान सहा तास. स्वार्म दिवसेंदिवस थंडावत जातं, त्याचा फटका या क्रमात दोघांना साधारण सारखाच बसतो. संगणक वायरने राउटरला जोडा, वायफायवर ही चाचणी नकोच. सुरुवातीची 30 मिनिटं मोजू नका, कारण तेवढ्यात ट्रॅकर (पीअरची यादी देणारा सर्व्हर) आणि डीएचटी (अशा सर्व्हरविना पीअर शोधण्याची यंत्रणा) यांच्याकडून पीअर गोळा होत असतात.

यापुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं: दोन्हीकडची सेटिंग्ज एकसारखी करणं. क्लायंटचा म्हणून जो फरक सांगितला जातो, तो बहुतेकदा मूळ सेटिंगचाच असतो.

अपलोड स्लॉटपासून, म्हणजे एकावेळी किती पीअरना चढवायचं या मर्यादेपासून, सुरुवात करा. क्यूबिटटॉरेंट मुळात एका टॉरेंटला 4 आणि एकूण 20 स्लॉट देतो, तर डेल्यूज हा तिसरा क्लायंट सगळ्या टॉरेंटना मिळून फक्त 4. चार स्लॉटवरचे पीअर प्रत्येकी सेकंदाला 200 केबीच घेऊ शकत असतील, तर एकूण वेग 800 केबीवर अडकतो आणि उरलेली लाइन रिकामी पडून राहते. दोन्हीकडे टॉरेंटमागे 8 आणि एकूण 20 ठेवा. सरसकट 100 करू नका, प्रत्येकाला थेंबथेंब मिळेल.

वेगमर्यादा लावताना एककं बघा. ट्रान्समिशन 1000 च्या पटीत मोजतो, क्यूबिटटॉरेंट आणि डेल्यूज 1024 च्या. मेगाबाइटपाशी हा फरक जवळजवळ 5 टक्के होतो, म्हणजे नुसत्या एककामुळे एक क्लायंट ‘जिंकू’ शकतो. लाइनचा अपलोड 40 मेगाबिट असेल, तर तो सेकंदाला 5 मेगाबाइट. त्याचे 80 टक्के म्हणजे 4. ट्रान्समिशनमध्ये 4000 भरा, क्यूबिटटॉरेंटमध्ये 3906. मर्यादाच लावली नाही तर पोचपावतीचे पॅकेट रांगेत अडकून सगळंच मंदावतं. दोघंही पूर्ण वेळ या मर्यादेला टेकून राहिले, तर तुमच्या लाइनवर ते सारखेच आहेत. पुढची चाचणी करण्यात अर्थ नाही.

बाकीच्या गोष्टी झटपट उरकतात. कनेक्शनची मर्यादा सारखी करा (क्यूबिटटॉरेंटमध्ये ती मुळात टॉरेंटमागे 100 असते, ट्रान्समिशनमध्ये त्याहून कमी). टॉरेंटची रांग, रेशोवर थांबण्याची अट आणि सुपर सीडिंग (तुकडे हात राखून देण्याची पद्धत) बंद करा. डीएचटी आणि पीअर एक्स्चेंज (पीअरनी एकमेकांना इतर पीअरचे पत्ते देणं) दोन्हीकडे चालू ठेवा. पहिल्या चाचणीत यूटीपी (इतर वापराला वाट देणारी, टॉरेंटसाठीची डेटा पाठवण्याची पद्धत) बंद करून फक्त टीसीपी (इंटरनेटवरची नेहमीची पद्धत) ठेवा. लाइनवरचा विलंब वाढला की यूटीपी स्वतःहून मागे सरतो, आणि मग आकडे घरातल्या इतर वापरावर अवलंबून राहतात.

पोर्टमुळे (बाहेरचे पीअर ज्यातून जोडतात त्या दारामुळे) सगळी तुलना पाण्यात जाऊ शकते. एका क्लायंटने यूपीएनपीने (राउटरला आपोआप सांगून) पोर्ट उघडला आणि दुसऱ्याने नाही, तर दुसऱ्याला बाहेरून कुणी जोडूच शकत नाही. राउटरमध्ये एकच पोर्ट हाताने उघडा आणि दोन्ही क्लायंटना आळीपाळीने तोच द्या. राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता) आहात. भारतात हे अगदी सर्रास आहे. मग राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही. आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता) मिळत असेल तर ते चालू करा आणि फायरवॉलमध्ये त्या पोर्टला वाट द्या.

मोजताना क्लायंटच्या आकड्याबरोबर नेटवर्क कार्डावरून गेलेले बाइटही नोंदवा; लिनक्सवर व्हीएनस्टॅट हा प्रोग्रॅम पुरतो. कार्डाचा आकडा थोडा जास्तच येणार, कारण त्यात हेडर (प्रत्येक पॅकेटवरची पत्त्याची माहिती) आणि पुन्हा पाठवलेले पॅकेटही धरलेले असतात. एककं जुळवूनही एका क्लायंटमध्येच ही तफावत मोठी दिसली, तर पार्श्वभूमीला दुसरं काही चढतंय का ते आधी तपासा. सरासरी काढायची ती एकूण बाइट भागिले सेकंद अशी: सहा तासांत 24 जीबी म्हणजे सेकंदाला सुमारे 1.11 मेगाबाइट. खिडकीत क्षणोक्षणी नाचणाऱ्या आकड्यावर विसंबू नका.

आता निकाल वाचा. ‘अ’च्या दोन फेऱ्यांतलाच फरक ‘अ’ आणि ‘ब’मधल्या फरकाएवढा असेल, तर तुम्ही स्वार्मची लहर मोजली आहे. क्यूबिटटॉरेंट आणि डेल्यूज दोघंही लिबटॉरेंट हेच इंजिन वापरतात, तेव्हा त्यांच्यात मोठी तफावत आली तर आधी लिबटॉरेंटची आवृत्ती पाहा. 1.2 आणि 2.0 डिस्क वेगळ्या पद्धतीने हाताळतात, आणि यूएसबीवरच्या संथ हार्ड डिस्कवर ते जाणवू शकतं. आवृत्ती एकच निघाली तर सीडिंगची चोकिंग पद्धत (कुणाला स्लॉट द्यायचा ते ठरवण्याची रीत) बघा. क्यूबिटटॉरेंट मुळात ‘फास्टेस्ट अपलोड’ वापरतो, म्हणजे जे पीअर वेगाने घेतात त्यांना स्लॉट देतो. ‘राउंड रॉबिन’ पाळीपाळीने सगळ्यांना देतो, त्यामुळे संथ पीअरही स्लॉट अडवून बसतात.