पणजीतलं रात्रीचं जेवण दरवर्षी कुठे फसतं? या चुका टाळा

आमच्या तिसऱ्या पणजी सहलीतली पहिली रात्र. आठ वाजताचं टेबल महिनाभर आधी सांगून ठेवलेलं, नदीकाठचं, वारा येणारं. अकरा माणसं बसली, मेनूकार्ड फिरली आणि कळलं की कुणालाच भूक नाही. दुपारी अडीचला सगळ्यांनी माशाची थाळी चापली होती, वर भात दोनदा घेतला होता. सासूबाईंनी फक्त सोलकढी मागवली. बाबांनी सूप मागवलं आणि तेही अर्धं ठेवलं. वेटर बिचारा तीन वेळा येऊन गेला. वहिनी तेवढ्या हसत होत्या. त्यांचं माहेर डिचोलीचं. त्या म्हणाल्या, "गोंयांत जेवण म्हणल्यार दनपारचें. तुम्ही रात्रीची काय एवढी तयारी करता?"

आम्ही सांगलीचे. दर डिसेंबरात चार रात्री पणजीत, हे नऊ वर्षं चाललंय. एवढ्या वर्षांत कोणतं हॉटेल चांगलं यावर घरात जेवढी भांडणं झाली, त्याच्या पावपटही विचार कोणत्या दिवशी, दुपारी काय खाऊन, किती वाजता जायचं यावर झाला नव्हता. जेवण मात्र बिघडलं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टींमुळेच.

दुपार न बघता रात्र ठरवणं

गोव्यातल्या घरात मुख्य जेवण दुपारचं. शीत-कडी, तळलेला तुकडा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), एखादं तोंडाक (कडधान्याची रसभाजी). मासळी सकाळी बाजारात येते आणि दुपारी ताटात पडते. खानावळींचं घड्याळही तसंच चालतं. थाळी साधारण साडेबारा ते तीन. मग बऱ्याच ठिकाणी शटर खाली, ते संध्याकाळी सातनंतरच वर. रात्री त्याच जागी थाळी मिळेल असं नाही. कित्येकदा मिळत नाही, सुटे पदार्थ मागवावे लागतात आणि बिल दुपारच्या दुप्पट होतं. 'थाळी फार छान आहे' असं ऐकून रात्री नऊला जाणारी मंडळी इथेच फसतात.

म्हणून आता आम्ही आधी दुपार लिहितो. ज्या दिवशी दुपारी थाळी, त्या रात्री टेबल नाही. पाव आणि रस ऑमलेट (ऑमलेटवर शाकुतीचा, म्हणजे कोंबडीच्या खोबऱ्याच्या रश्शाचा रस), संपलं. ज्या रात्री नीट बसून जेवायचं, त्या दुपारी पातळ भाजी-पाव किंवा बन्सवर (केळं घातलेल्या गोडसर पुऱ्यांवर) भागवायचं. पणजीत चर्च चौकाच्या आसपास हे उत्तम मिळतं. चारपैकी दोनच रात्री टेबल ठरवायचं, हा हिशेब त्यातूनच आला. घरात पहिल्या वर्षी यावर नाराजी होती. भावाच्या तक्त्यात दोन रकाने रिकामे राहिले म्हणून तो बेचैन होता.

एकच कॅलेंडर बघणं

गोव्याला जाताना दोन कॅलेंडरं बघावी लागतात, तिथलं आणि आपलं.

आधी तिथलं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत असतो. 2004पासून त्याचं घर पणजीच आहे. डिसेंबरच्या मध्याला सेरेंडिपिटी कला महोत्सव, तो 2016पासून. या दोन्ही वेळी संध्याकाळी साडेआठला कांपाल ते 18 जून रस्ता या पट्ट्यात बिनसांगता टेबल मिळणं अवघड. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त (चर्चचा वार्षिक उत्सव), 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त. चर्चसमोर तेव्हा फेरी लागते, गाडी लावायला जागा नसते. (फेरी म्हणजे जत्रेची दुकानं. बोट नव्हे. आमच्या काकांनी हा घोळ एकदा घातलाय, आणि त्यांना बेतीच्या धक्क्यावरून परत आणावं लागलंय.) 24च्या रात्री ख्रिस्ती घरं मध्यरात्रीच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जातात, त्यामुळे घरगुती चालणारी छोटी रेस्टॉरंटं लवकर बंद होतात किंवा उघडतच नाहीत. 25ला काही ठिकाणी फक्त बुफे. 31ला तर माणशी ठरावीक रक्कम, संगीत आणि आधी पैसे. त्या रात्री मेनूकार्डातून मागवायला मिळेल या आशेवर जाऊ नका. फोनवर सरळ विचारा, "त्या दिवशी नेहमीचा मेनू आहे का?"

शिवाय आठवड्याची सुट्टी. कुणाची रविवारी, कुणाची सोमवारी, कुणाची मंगळवारी. मोबाईलवरच्या नकाशात 'उघडं' दिसतं त्यावर मी दोनदा विसंबले. दोन्ही वेळा बंद दारासमोर उभं राहून फोटो काढून परत आलो.

आता आपलं कॅलेंडर. डिसेंबर म्हणजे बहुतेक वेळा मार्गशीर्ष. घरातल्या दोन बायकांचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, आणि सासूबाई चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाच्या नवरात्रात मासे-मटण खात नाहीत. एका वर्षी आम्ही सहलीतली सगळ्यात चांगली मासळीची जागा नेमकी गुरुवारी ठरवली होती. पाच माणसं पनीर खात होती आणि सहा माणसं अपराधी चेहऱ्याने चोणक मासा खात होती. कुणालाच ते जेवण गेलं नाही.

संकष्टी आली तर आणखी एक गंमत. डिसेंबरात त्या दिवशी चंद्रोदय साधारण आठ ते नऊच्या मध्ये होतो. उपास सोडणाऱ्या माणसाला तेव्हा वरण-भात लागतो, आणि तो साडेदहाच्या आत लागतो, कारण साडेदहाला बऱ्याच स्वयंपाकघरांतून 'लास्ट ऑर्डर' येते. त्या रात्री आम्ही सरळ उडपी हॉटेलात जातो.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी एवढंच: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. इसवण-पापलेट तेव्हा बहुधा बर्फातली असतात. खाडीतली मासळी, तिसऱ्या (शिंपल्या), सुकी सुंगटं (कोळंबी) यावर भर द्या. किनाऱ्यावरचे शॅकही त्या दिवसांत मोडून ठेवलेले असतात. आणि चवथीच्या दिवसांत हिंदू मालकांच्या खानावळी बंद असल्या तर रागावू नका, ते घरी मोदक खात असतात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

पणजीत राहून रात्रीचं जेवण कळंगुटला, ही जुनी हौस. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. 'अर्ध्या तासात पोचू' असं म्हणून निघालेलं माणूस डिसेंबरातल्या शनिवारी पर्वरी आणि कळंगुटच्या तिठ्यावर किती वेळ काढेल, ते सांगता येत नाही. बेताळभाटीचं मार्टिन्स कॉर्नर, कळंगुटचं 1932पासून चालत आलेलं सौझा लोबो, ही नावं प्रत्येकाच्या यादीत असतातच. तिथे जायला माझी ना नाही. पण तिकडे दुपारी जा. बेताळभाटी पणजीहून पार दक्षिण गोव्यात, मडगावजवळ आहे. रात्री अकराला झोपलेली मुलं गाडीत घालून तेवढं परत यायचं म्हणजे जेवणाची चव वाटेतच संपते.

आणि परत आणणार कोण? गोव्यात ओला-उबर नाही. गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आहे, पण रात्री उशिरा किनाऱ्यावरून गाडी मिळेलच असं धरू नये. स्थानिक टॅक्सीवाल्याशी येण्या-जाण्याचं आणि थांबण्याचं भाडं आधी ठरवून घ्यावं. स्वतःची गाडी असेल तर जो चालवणार तो पिणार नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवायचं. टेबलावर बसल्यावर हा प्रश्न निघाला की भाऊ-भाऊ एकमेकांकडे बघत बसतात. पहिल्यांदा सापडलात तरी दंड दहा हजारांपर्यंत आहे.

पणजीतल्या पणजीतही मांडवीच्या काठच्या बांदोडकर मार्गावर शनिवारी-रविवारी संध्याकाळी कॅसिनोच्या गर्दीने वाहतूक तुंबते. फोंतेन्याश या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत जेवायचं असेल तर गाडी पाटोच्या बाजूला लावून पूल ओलांडून चालत जा. त्या गल्ल्यांत लोक राहतात. त्यांच्या दारात गाडी लावून बाल्कनीचे फोटो काढत बसलं की ते वैतागतात, आणि बरोबरच वैतागतात. बाल्कनीचंच वेड असेल तर 31 जानेवारी रस्त्यावरच्या व्हेनिते रेस्टॉरंटच्या लाकडी बाल्कन्या बघाव्यात. पण त्या इतक्या चिमुकल्या की आमच्यासारख्या अकरा जणांनी तो नाद सोडावा.

अकरा जण आणि एक फोन

'अकरा जणांचं टेबल' म्हटलं की फोनवर 'या, या' म्हणतात. पोचल्यावर सहाचं एक आणि पाचचं दुसरं, मध्ये खांब. फोन करताना विचारायचं: एकच सलग टेबल मिळेल का, आत की बाहेर, जिने किती चढायचे (बाबांचे गुडघे), गाणं-वाजप असेल तर कुठे बसतात, टेबल किती वेळ राखून ठेवाल. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बऱ्याच ठिकाणी पंधरा मिनिटंच थांबतात. सूर्यास्त बघत बसायचं असेल तर डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहालाच जातो. साडेसातला नदीकाठचं टेबल घेऊन सूर्यास्त मागणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांत आमचे मेहुणे होते.

ज्या दिवशी जायचं, त्या सकाळी पुन्हा फोन. एका वर्षी एका जागी आमचं नाव वहीतच नव्हतं. फोन घेणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता म्हणे. तेव्हापासून फोन घेणाऱ्याचं नाव विचारून घेतो आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवून ठेवतो. भांडायला नाही, दाखवायला.

'साइजप्रमाणे' या शब्दापुढे गप्प बसणं

मेनूत इसवण, चोणक, तांबोशी, पापलेट, कुर्ल्यो यांच्यापुढे किंमत नसते. 'ॲज पर साइज' असतं. मराठी माणूस इथे लाजतो. मासळीबाजारात दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे आम्ही, हॉटेलात मान डोलावून मोकळे होतो. मग बिल येतं. लाजू नका. मासा टेबलावर आणून दाखवायला सांगा, वजन विचारा, भाव किलोचा की नगाचा ते विचारा, मग कसा करायचा ते सांगा. चांगली जागा हे आनंदाने करते. वेटर स्वतः म्हणाला की "आयज चोणक बरें आसा, इसवण नाका," तर ऐका त्याचं. असं सांगणारा वेटर मिळाला की आम्ही पुढच्या वर्षी त्याच जागी जातो.

याच भागातली दुसरी चूक म्हणजे एकाच रात्री सगळा गोवा मागवणं. शाकुती, विंदालू, कॅफ्रेल, रेशाद बांगडा, आंबोटीक, सगळं एकदम. सगळे मसाल्याचे, त्यातले निम्मे आंबट. तिसऱ्या घासाला जीभ बंद पडते. एक आंबट (आंबोटीक किंवा विंदालू), एक खोबऱ्याचं (शाकुती), एक तळलेलं (रेशाद बांगडा), एवढं पुरतं. विंदालूत बटाटा शोधू नका, त्यातला 'आलू' हा पोर्तुगीज नावातला 'आल्यो' म्हणजे लसूण आहे. सोरपोतेल आणि चौरीस (सॉसेज) डुकराच्या मांसाचे असतात, आणि चौरीस पुलावातही येतो. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. गोडासाठी जागा ठेवा. बेबिंका (थरांचा केक) सगळीकडे मिळतो, सेरादुरा (क्रीम आणि बिस्किटाच्या चुऱ्याचं पुडिंग) मात्र चांगला लागला तर सोडू नका.

बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक असतं. नको असेल तर काढायला सांगता येतं.

शाकाहारी माणसाला 'काहीतरी मिळेल' म्हणणं

मिळतं. पनीर बटर मसाला मिळतो. आत्याबाईंनी तो सलग तीन रात्री खाल्ला आणि चौथ्या वर्षी यायला नकार दिला. गोव्याचं शाकाहारी जेवण खरं तर देखणं आहे: खतखतें (मिश्र भाज्यांचं), मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी), आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक, भेंडीचं सोलांतलं (आमसुलातलं), शेवटी मणगणें (हरभऱ्याच्या डाळीची खीर). पण ते रेस्टॉरंटच्या रात्रीच्या मेनूवर क्वचित असतं. हिंदू खानावळीत सोमवारी किंवा गुरुवारी दुपारी मिळण्याची शक्यता जास्त, कारण त्या दिवशी तिथली माणसंही मासे खात नाहीत. तवा वेगळा आहे का आणि भाजीत सुकी सुंगटं घालता का, हे दोन प्रश्न कुणी न लाजता विचारावेत.

सगळं ठरवूनही फसलंच तर

टेबल गेलं असेल आणि मुलं रडकुंडीला आली असतील, तर दुसरं रेस्टॉरंट शोधत अर्धं शहर फिरू नका. दोघांनी जाऊन पार्सल आणायचं, बाकीच्यांनी खोलीवर जायचं. कॅफ्रेल (हिरव्या मसाल्यातली कोंबडी) आणि पोई (गोव्याचा गव्हाचा पाव) थंड झाले तरी चालतात, तळलेला मासा चालत नाही.

साडेदहा उलटले असतील तर गाडा शोधा. ऑमलेटवर शाकुतीचा रस, वर कांदा, लिंबू, बाजूला पाव. हे खाणं बसून खायचं नसतंच. आणि आवडती जागा यंदा बिघडलेली वाटली, आचारी बदललाय असं वाटलं, तर लगेच तिच्यावर फुली मारू नका. त्या वर्षी फक्त तिथलं एकच जुनं मागवा आणि बाकीचं दुसरीकडे.

यंदाचा तक्ता भावाने पाठवलाय. पहिल्या रात्रीपुढे एक नाव, तिसऱ्या रात्रीपुढे एक नाव, गुरुवारपुढे 'उडपी, आईला विचारणे', आणि शेवटच्या रात्रीपुढे वहिनींच्या अक्षरात: 'गाडो. कुणीही फोन करू नये.'