बेळगावच्या जुन्या वास्तूंची नोंद: साल कसे ठरवावे, काय मोजावे

बेळगावात जुनी वास्तू म्हटले की किल्ला दाखवला जातो आणि विषय तिथेच संपतो. पण कॅम्पातले चर्च, शहापुरातले वाडे, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर, रुळांच्या कडेची जुनी बांधकामे यांचीही नोंद तातडीने व्हायला हवी. रस्ता रुंद करायचा ठरला की कुदळ आधी वाड्यांवर पडते. नोंद करताना साल वास्तूवरून किंवा मूळ कागदावरून ठरवा, फलकावरून नको. फलक एकमेकांवरून उतरवलेले असतात.

सामान थोडे लागते: ३० मीटरची टेप, टॉर्च, फोटोत ठेवायला १० सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल आणि जाड वही. दोघांनी जावे. एकट्याने लांब टेप धरली की मध्ये झोळ पडतो आणि माप वाढून येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ चढते आणि कोरीव कडा दिसत नाहीत. किल्ल्यात आणि कॅम्पात लष्करी हद्द आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा आणि कॅमेरा काढण्याआधी विचारा.

किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) शिकायला सर्वांत चांगली. रट्ट घराण्याचा राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने ती बांधली. तिची माहिती देणारे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यामुळे बस्तीत ते शोधत बसू नका. लेखातली तिथी अशी: शके ११२७, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया, शनिवार. इसवी सन काढायला नेहमीप्रमाणे ७८ मिळवले तर १२०५ येते, आणि ते चुकते. आपल्या पंचांगात सरलेले शक वर्ष देतात. जुन्या लेखांत काही वेळा चालू वर्ष देत, म्हणजे आकडा एकाने पुढे. म्हणून संवत्सराचे नाव ताडून पाहायचे. साठ संवत्सरांचे चक्र असते. शके १८४६, म्हणजे १९२४-२५ हे वर्ष रक्ताक्षी होते. त्यातून साठ-साठ करत बारा वेळा मागे गेलात की शके ११२६, म्हणजे १२०४-०५ येते. तिथी पडते २५ डिसेंबर १२०४, आणि त्या दिवशी शनिवारच होता. वर्ष, संवत्सर आणि वार तिन्ही जुळले तरच तारीख शाईने लिहा. एक जरी जुळले नाही तरी पेन्सिलीनेच राहू द्या. (काँग्रेसचे बेळगाव अधिवेशनही डिसेंबर १९२४ मधले, म्हणजे रक्ताक्षी संवत्सरातलेच. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन.)

कुठल्याही कोरीव लेखाचा फोटो घेताना अक्षरांत खडू, पीठ किंवा तेल भरू नका. खडूने आपल्याला वाटते तेच अक्षर उमटते, खरे बुजते. तेलावर धूळ बसून थर जमतो. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. उजेड तिरका पडला की खोलगट भागात सावली येते आणि झिजलेले अक्षरही उठून दिसते. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असा चार वेळा उजेड टाकून चार फोटो घ्या. एका फोटोत हरवलेली रेघ दुसऱ्यात सापडते. शाईचा ठसा घेणे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय करू नये. रट्टांचे लेख हळेकन्नडमध्ये (जुन्या कन्नडमध्ये) आहेत, किल्ल्यातल्या सफा मशिदीत फारसीही आहे. त्यामुळे कन्नड वाचणारा मित्र सोबत घ्या. मराठी-कन्नड मिळूनच हे काम नीट होते.

वहीत प्रत्येक वास्तूसाठी सालाचे तीन रकाने ठेवा: जागा, संस्था, आजची इमारत. स्टेशनवर याची गरज लगेच कळते. सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज (लहान रुळांची) गाडी बेळगावात १८८७ साली आली. आजच्या नव्या इमारतीचे लोकार्पण फेब्रुवारी २०२३ मधले. एकाच रकान्यात '१८८७' लिहिलेत तर नवी भिंत एकोणिसाव्या शतकात जाऊन बसते. कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चचे साल १८६९, म्हणजे रेल्वेच्या आधीचे. छावणीमागून रेल्वे आली, हा क्रम नकाशावर दाखवा.

रेल्वेच्या गावात जुन्या रुळांचे तुकडे खांब किंवा तुळई म्हणून वापरलेले दिसतात. रुळाच्या उभ्या भागावर कारखान्याचे नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असते. गंज सुक्या नायलॉन ब्रशने झाडा. तारेच्या ब्रशने अक्षरेच जातात. कौलांचेही तसेच. मागच्या बाजूला बासेल मिशनचा शिक्का असेल तर कौल १८६५ च्या आधीचे नाही, कारण मंगळूरचा तो कारखानाच त्या साली निघाला. मात्र रूळ दुसऱ्यांदा वापरलेला असतो, कौले बदललेली असतात. त्यावरून कौलाचे किंवा रुळाचे वय कळते, घराचे नाही.

कागद शोधताना हद्द ओळखा. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, कॅम्पाचा कारभार वेगळा, आणि १९५६ पर्यंत सगळा जिल्हा मुंबई राज्यात. शहापुरातल्या वाड्याचा जुना कागद बेळगावच्या दप्तरात मिळाला नाही म्हणून तो नाहीच असे समजू नका. सांगलीकडे शोधा, आणि मोडी वाचणारा गाठा. सिटी सर्व्हेचा उतारा घेऊन सीटीएस नंबर वहीत लिहा. गल्लीचे नाव बदलले तरी त्यावरून जागा सापडते.

आजी-आजोबांना थेट साल विचारू नका, ते अंदाजाने सांगतील. "गाडी लहान रुळांवर होती तेव्हा हा वाडा होता का?", "दुसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे तेव्हा काय होते?" असे विचारा. वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी तेच सांगितले तर नोंदवा, आणि 'सांगितलेले' असा शेरा मारा. त्यांना विचारूनच रेकॉर्डिंग करा.

प्रत्येक फोटोमागे तारीख, दिशा आणि टिपणाऱ्याचे नाव लिहा, आणि एक छापील प्रत जवळच्या वाचनालयात द्या. फोन बदलला की त्यातले फोटो बहुधा जातात.