डीबीएसनंतर मेंदूची सूज उतरवायला काढे-चूर्ण देताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

बाबांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी काकू स्टीलचा डबा घेऊन दारात हजर, डब्यात हळद, सुंठ, ज्येष्ठमध आणि अजून काय काय घालून आटवलेला काढा. "अगं, डोक्याला भोकं पाडलीत, आत सूज असणारच, ती आधी उतरवायला नको का?" पार्किन्सनसाठी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), म्हणजे मेंदूला विजेचे हलके झटके द्यायला आत दोन बारीक वायरी आणि छातीपाशी कातडीखाली बॅटरी, एवढं मोठं ऑपरेशन करून माणूस घरी आलाय म्हटल्यावर प्रत्येकाला काहीतरी करावंसं वाटतंच. आईने काढा दिला. मग एकाने शल्लकीच्या गोळ्या सुचवल्या, एकाने कवचबीज चूर्ण कुरिअरने पाठवलं, आणि पंधरा दिवसांत आमच्या फ्रिजवर आयुर्वेदाचं छोटं दुकानच लागलं. मी काही आयुर्वेदाच्या विरोधात नाही, खोकल्याला मी अजूनही सितोपलादिच घेते, पण या बाबतीत आम्ही जे केलं ते तुम्ही करू नका.

सूज कसली ते न बघताच औषध सुरू करणं

एक सूज डोळ्यांना दिसते. कपाळ, पापण्या फुगतात, बाबांचा डावा डोळा दोन दिवस नीट उघडतच नव्हता, आणि घरात घबराट झाली ती त्याचीच. पण ती वरच्या टाक्यांची सूज, हळूहळू खाली उतरत जाते. दुसरी आतली, वायर मेंदूतून जिथून गेली तिच्याभोवतीची, ती फक्त स्कॅनमध्ये दिसते, बहुतेकांना तिचा काही त्रासही होत नाही आणि काही आठवड्यांत ती आपोआप ओसरते. थोड्या लोकांना गोंधळल्यासारखं होतं, बोलणं अडखळतं, क्वचित फिट येते, मग डॉक्टर स्कॅन बघून स्टेरॉइड द्यायचं की नुसतं थांबायचं ते ठरवतात.

आता खरा गोंधळ कुठे होतो ते सांगते. वायर आत गेली की त्या जागेला जो थोडा मार लागतो, सूज येते, त्यानेच काही दिवस कंप आणि ताठरपणा कमी होतो, बॅटरी चालू न करताही! बाबांनी पहिल्या आठवड्यात शर्टाची बटणं स्वतः लावली, जे दोन वर्षांत जमलं नव्हतं, आणि आम्ही सगळ्यांना व्हिडिओ पाठवले. तिसऱ्या आठवड्यात हात परत थरथरायला लागला, चहा बशीत सांडायला लागला. आम्हाला वाटलं आत सूज वाढली, म्हणून काढा दोन वेळचा केला. प्रत्यक्षात उलटं होतं, सूज उतरत होती म्हणून तो तात्पुरता फायदा जात होता, आणि मशीनचं प्रोग्रामिंग (ते चालू करून किती वीज द्यायची ते ठरवणं) साधारण दोन ते चार आठवड्यांनी सुरू होतं ते यासाठीच. हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. कदाचित सांगितलंही असेल, डिस्चार्जच्या दिवशी कुणाचं लक्ष असतं!

शल्लकीचा तो अभ्यास अर्धवट वाचणं

सालईच्या डिंकाने, म्हणजे शल्लकीने, मेंदूची सूज कमी होते हे कुठून आलं ते मी शोधलं. अभ्यास खरा आहे, जर्मनीतला, २०११ ला छापलेला, रोज ४२०० मिलीग्रॅम अर्क दिला आणि सूज कमी झाली. पण पेशंट फक्त ४४, आणि ते ब्रेन ट्यूमरला रेडिएशन घेणारे. पार्किन्सनचं ऑपरेशन झालेला त्यात एकही नाही, आणि सूज यायचं कारणच वेगळं. शिवाय बाबांच्या बाटलीवर एक गोळी ४०० मिलीग्रॅम, दिवसाला दोन, म्हणजे त्या अभ्यासाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. वायरीभोवतीची सूज कुठल्या जडीबुटीने उतरते असं दाखवणारं काहीही मला सापडलं नाही.

काढ्यातल्या वस्तू साध्या समजणं

भाजीतली हळद, चहातलं आलं याबद्दल मी बोलत नाहीये. हळदीचा कॅप्सूलमधला दाट अर्क, लसणाच्या गोळ्या, जिंको, जिनसेंग यांनी रक्त गोठण्यात फरक पडू शकतो आणि मेंदूच्या ऑपरेशनमध्ये सगळ्यात भीती कशाची असेल तर रक्तस्रावाची, म्हणून हे प्रकार ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे बंद करायला सांगतात आणि नंतरही सर्जनला विचारल्याशिवाय चालू करायचे नसतात. दुसरं ज्येष्ठमध. जास्त दिवस घेतलं की बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, आणि पेशंट स्टेरॉइडवर असेल तर पोटॅशियमचा घोळ अजूनच वाढतो. "काढा सुरू केलाय ना, मग ती स्टेरॉइडची गोळी कशाला" असं म्हणून ती मनानेच बंद करणं तर त्याहून वाईट, ती कमी करत करतच थांबवायची असते.

झोप येत नाही म्हणून सर्पगंधा

यातून आम्ही थोडक्यात बचावलो. ऑपरेशननंतर बाबा रात्रभर जागे, कधी भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणायचे, आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी झोपेसाठी सर्पगंधा असलेल्या गोळ्या सुचवल्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने बीपी कमी होतं हे लिहिलं आणि ती जगभर गेली, ते खरंच अभिमानाचं आहे. पण तिच्यातलं रेसर्पिन मेंदूतलं डोपामिन रिकामं करतं, आणि पार्किन्सनमध्ये नेमकं तेच कमी पडलेलं असतं. १९५० च्या दशकात स्वीडनच्या कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं तर ते पुतळ्यासारखे बसून राहिले आणि लेव्होडोपा (ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते औषध) दिल्यावर उठले, पुढे २००० साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे पार्किन्सनच्या माणसाला सर्पगंधा देणं म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने सांडायचं. (उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही याच पंगतीतलं. फॅमिली डॉक्टर गडबडीत लिहून देऊ शकतात, त्यांना पार्किन्सनची आठवण करून द्या.)

भस्म, दूध आणि कोरडं चूर्ण

लोह किंवा मंडूर भस्म सिंडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या, गोळीबरोबर पोटात गेलं तर लोहाने गोळी नीट शोषली जात नाही. दुधाचंही तसंच, त्यातलं प्रोटीन आडवं येतं, आणि आपल्याकडे निम्मी चूर्णं "कोमट दुधातून घ्या" अशीच असतात. पारा-शिसं असलेली रसौषधं तर आणूच नका. अमेरिकेत बॉस्टनमध्ये दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, २००४ सालची गोष्ट. आणि गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या जिभेवर कोरडं चूर्ण टाकणं म्हणजे ठसक्याला आमंत्रण. आईने त्रिफळा तसंच दिलं आणि बाबा दहा मिनिटं खोकत होते, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. असं काही श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

डोक्यावर तेल, शिरोधारा, शेक

टाके पूर्ण भरेपर्यंत डोक्याला तेल, लेप, शिरोधारा काही नाही, जखमेत जंतू शिरले तर कधी कधी सगळी वायरच काढावी लागते. मान आणि छातीवर जिथून वायर जाते तिथे मालीशवाल्याला हात लावू देऊ नका. आणि हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा: फिजिओथेरपीतला डायथर्मीचा (मशीनच्या लहरींनी आत खोलवर उष्णता देणारा) शेक डीबीएस असलेल्या माणसाला कधीच द्यायचा नाही, कितीही वर्षं झाली तरी. त्याने वायरीचं टोक तापून मेंदूला इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

"बघू दोन दिवस काढा देऊन"

ताप, जखमेतून पू किंवा पाणी, एकदम वाढलेली झोप, एका बाजूची ताकद जाणं, फिट, वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, यातलं एकही दिसलं तर काढा गॅसवर ठेवायचा नाही, रिक्षा बोलवायची. किंवा १०८.

कवचबीज, आमची सगळ्यात मोठी चूक

खाजकुइलीचं बी म्हणजेच कवचबीज, कंपवातावर आपल्याकडे जुन्या काळापासून देतात आणि त्यात खरोखरच लेव्होडोपा असतो, १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी तो त्यातून वेगळा काढला होता. बियांमध्ये साधारण ४ ते ६ टक्के, म्हणजे ५ ग्रॅमच्या चमच्यात २०० ते ३०० मिलीग्रॅम. सिंडोपाच्या ११० च्या एका गोळीत १०० मिलीग्रॅम. वर गोळीतल्या कार्बिडोपामुळे चूर्णातला लेव्होडोपाही वाया न जाता मेंदूपर्यंत जास्त पोचतो. ऑपरेशननंतर डॉक्टर बऱ्याचदा गोळ्या कमी करत आणतात, आणि आम्ही इकडे "सूज आणि कंप दोन्हीला चांगलं" म्हणून गुपचूप चमचे वाढवत होतो, मग अंग वळवळणं, उभं राहिल्यावर चक्कर, आणि त्या भिंतीवरच्या मुंग्या! मी दोन आठवडे त्याचं खापर सुजेवर फोडत होते.

प्रोग्रामिंगच्या दिवशी सांगितलं होतं, आदल्या रात्रीपासून पार्किन्सनची गोळी न घेता या. बाबा खुर्चीत बसले, डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितला, हात अगदी स्थिर. डॉक्टर मशीनकडे बघतायत, परत हाताकडे बघतायत, मशीन तर अजून चालूच केलेलं नाही. "सकाळी गोळी दिली का?" आई म्हणाली, "छे हो, गोळी नाही दिली. नुसतं चूर्ण दिलं, दोन चमचे, प्रवास होता ना." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, आम्हाला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, आणि येताना फ्रिजवरचं सगळं एका पिशवीत भरून आणायला सांगितलं. पिशवीत अकरा बाटल्या निघाल्या.